खंडानं घेतलेलं नाव : कोल्हापूरच्या एका बागेचं प्रकरण

बँकेच्या साहेबांनी प्रकल्प अहवालातलं फोटोंचं पान उघडलं, एका फोटोवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे पुतळे लावायचा हक्क तुमच्याकडं आहे का?"

फोटो बागेच्या प्रवेशद्वाराचा होता. कमानीला एका हातानं लोंबकळणारा स्पायडरमॅन, आणि आत पाण्याच्या घसरगुंडीजवळ मुठी आवळून उभा असलेला हल्क. दोन्ही फायबरचे, कोल्हापुरातल्याच एका मूर्तिकारानं केलेले. त्या पानाला 'सुपरहिरो झोन' हे नाव मी दिलं होतं, आणि कर्जाची मागणी याच झोनच्या विस्तारासाठी होती.

"मूर्ती आमच्या पैशानं केल्यात साहेब," बागेचे मालक म्हणाले. त्यांना सगळे आबा म्हणतात, मीही. "पावती हाय माझ्याकडं."

"पावती मूर्तीची झाली, आबा. स्पायडरमॅनची कुठाय?"

लहान उद्योगांचे अहवाल मी बरीच वर्षं लिहितो. फौंड्रीची भट्टी, दूध संकलन केंद्र, मंगल कार्यालय. जागेचा उतारा, बिगरशेती परवाना, विजेचा भार हे कागद न विसरता मागतो. नायकाच्या हक्काचा कागद मागायचं मात्र डोक्यातच आलं नाही. ती चूक माझी होती आणि ती निस्तरायची जबाबदारीही. साहेबांनी अर्ज फेटाळला नाही, कागद पुरे करून आणायला सांगितले. पुढच्या पाच आठवड्यांत आम्ही काय शोधलं आणि काय ठरवलं, ते आबांच्या संमतीनं आणि ओळख पटेल असे तपशील गाळून इथं मांडतो. जिल्ह्यात अशा बागा वाढताहेत, आणि जवळपास प्रत्येकीच्या दारात कुणी ना कुणी उसना नायक उभा आहे.

बाग आणि तिचं गिऱ्हाईक

हायवे सोडून आत गेलं की उसाच्या कडेला आबांची बाग लागते. कोलंबस, टोराटोरा, ब्रेक डान्स, ड्रॅगन ट्रेन असे यंत्रावर फिरणारे पाळणे, लहान मुलांसाठी हवा भरलेलं उड्या मारायचं खेळणं, दोन घसरगुंड्यांचा पाण्याचा हौद आणि जेवणाची शेड. त्या हवेच्या खेळण्याला आपल्याकडं जत्रेतसुद्धा सगळे 'मिकी माउस'च म्हणतात, मग त्याच्यावर चित्र कशाचंही असो. परक्या नायकाचं नाव आपल्या बोलण्यात इतकं मुरलेलं आहे की त्याला मालक असतो हे कुणाला जाणवतच नाही.

धंदा तीन ठिकाणांहून येतो. नोव्हेंबर ते जानेवारी शाळांच्या सहली, मे महिन्याची सुट्टी, आणि रविवारी सांगली, इचलकरंजी, निपाणीकडून येणारी कुटुंबं. पावसाळ्यात बाग जवळजवळ बंद असते आणि रंगरंगोटी, ग्रीसिंग, वेल्डिंग उरकून घेतलं जातं.

आबांच्या सूनबाई तिकीट खिडकी सांभाळतात. वाणिज्य शाखेच्या पदवीधर आणि वही काटेकोर. मी त्यांना एक काम सांगितलं: पुढचे दोन रविवार तिकीट दुसऱ्या कुणाला तरी द्यायला लावा आणि तुम्ही नुसतं बघा. सकाळी दारात, दुपारी हौदाजवळ. त्यांच्या वहीत दोन नोंदी अशा निघाल्या की पुढचा सगळा विचार त्यांच्यावरच उभा राहिला.

पहिली नोंद: रस्त्यावरनं जाणाऱ्या गाडीतलं पोर पुतळा बघून ओरडतं आणि बाप खरोखर गाडी वळवतो. नायकाची ही ताकद नाकारून चालणार नाही. दुसरी नोंद: आत आल्यावर स्पायडरमॅनपाशी एक फोटो होतो, दोन मिनिटांत. त्यानंतर दिवसभर पोरं घसरगुंडीच्या रांगेत असतात. निघताना सूनबाईंनी विचारलं, परत आलात तर कशासाठी याल? नायकाचं नाव कुणी घेतलं नाही. मोठी घसरगुंडी, कोलंबस, आणि एका पोरीनं सांगितलं, भजी.

म्हणजे नायक गाडी थांबवत होता, पण तीच गाडी दुसऱ्यांदा आणायचं काम त्याच्याकडनं होत नव्हतं. मग जगातल्या मोठ्या पार्कांत याच नायकांसाठी एवढा पैसा का ओतला जातो?

ऑर्लँडोचा करार

१९९४ साली अमेरिकेत सिनेमे आणि पार्क चालवणाऱ्या युनिव्हर्सलची तेव्हाची मूळ कंपनी एमसीए आणि स्पायडरमॅन-हल्कची मालक कॉमिक्स कंपनी मार्वल यांच्यात एक करार झाला. फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत नवं पार्क उभं राहणार होतं आणि त्यात मार्वलच्या नायकांचा स्वतंत्र विभाग हवा होता. त्या वेळी मार्वलची स्थिती कशी होती हे लक्षात घ्यायला हवं. कॉमिक्सचा बाजार घसरत होता आणि १९९६च्या डिसेंबरात कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. नायकांचे गाजलेले सिनेमे अजून यायचे होते. विकणारा अडचणीत आणि घेणारा लांबचं बघणारा, अशा वेळी शर्ती कुणाच्या बाजूनं पडतात हे बाजार समितीत माल घेऊन गेलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

१९९९ साली पार्क उघडलं. हल्कच्या नावाची रोलर कोस्टर आणि स्पायडरमॅनची राईड ही त्या विभागाची मुख्य आकर्षणं. स्पायडरमॅनच्या राईडमध्ये बसणारा माणूस हलत्या गाडीत असतो, समोर त्रिमिती पडदा आणि बाजूला खरे उभारलेले रस्ते-भिंती. नायक दारात उभा न राहता गाडीवर उडी मारतो आणि प्रवासी त्याच्या गोष्टीतलं एक पात्र होऊन जातो. नाव आणि खेळ इथं वेगळे काढता येत नाहीत. सूनबाईंच्या वहीतल्या दोन नोंदींमध्ये जे अंतर होतं, ते या राईडनं बुजवलं.

पण मला जास्त शिकवलं ते करारातल्या हद्दींनी. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला, म्हणजे फ्लोरिडाच्या बाजूला, युनिव्हर्सल वापरत असलेले नायक आणि त्यांच्या गोतावळ्यातली पात्रं दुसऱ्या कुठल्याही थीम पार्कला वापरता येणार नाहीत. आकर्षणं नीट राखून चालू ठेवली तोवर फ्लोरिडातला हक्क चालूच, ठरावीक वर्षांनी संपणारा नाही. २००९ साली डिस्नीनं सुमारे ४ अब्ज डॉलर मोजून अख्खी मार्वल कंपनी घेतली, तरी हा करार जागचा हलला नाही. ऑर्लँडोत डिस्नीचं प्रचंड पार्क आहे, नायकांची मालकीही डिस्नीचीच, आणि तरी तिथं त्यांना स्पायडरमॅनची राईड उभारता येत नाही. कॅलिफोर्नियात, नदीच्या पश्चिमेला, त्यांनी २०२१ साली ॲव्हेंजर्सचा विभाग उघडला. पॅरिसमध्ये २०२२ साली. ऑर्लँडोत मात्र २०२२ साली त्यांनी 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी'ची रोलर कोस्टर आणली, कारण ही मंडळी युनिव्हर्सलच्या वापरात नव्हती.

युनिव्हर्सल परवान्याचं शुल्क भरते आणि आज ते डिस्नीच्या घरात जातं. त्या शुल्कात तिला नायक मिळाला हे खरंच, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे शेजाऱ्याला तो मिळाला नाही. १९९४ नंतर सिनेमांनी या नायकांची किंमत कुठल्या कुठं नेली. ते सिनेमे काढण्याचा खर्च युनिव्हर्सलनं केला नाही, तरी वाढलेल्या किमतीचा लाभ तिच्या दारात आला.

त्याच पार्कनं २०१० साली हॅरी पॉटरचा विभाग उघडला. आधीच्या वर्षी पार्कला सुमारे ४६ लाख लोक आले होते, २०११ साली ते ७६ लाखांवर गेले. गाव जसंच्या तसं उभं केलं, तिथलं पेय, तिथली जादूची कांडी विकायला ठेवली. तिकिटाइतकाच पैसा आतल्या खरेदीत असतो हे तिथं नीट दिसतं. पण हे सगळं करायला लागणारं भांडवल आपल्या तालुक्यातल्या बागेच्या आवाक्यातलं नाही, म्हणून त्यावर मी आबांचा फार वेळ घेतला नाही.

त्यांना मी दुसरी गोष्ट सांगितली. सिक्स फ्लॅग्ज या अमेरिकी पार्क कंपनीकडं बॅटमॅन-सुपरमॅनचा परवाना आहे. १९९२ साली शिकागोजवळच्या त्यांच्या पार्कात बॅटमॅनच्या नावाची कोस्टर आली. डबे रुळांखाली टांगलेले, पाय हवेत. तीच रचना त्यांनी नंतर आणखी पार्कांत, त्याच नावानं उभारली. एकच आराखडा, एकच नाव, अनेक गावं. साखळी चालवणाऱ्याला परवाना परवडतो तो असा. पण २००४ साली ओहायोतलं आपलं एक पार्क त्यांनी विकलं. परवाना सिक्स फ्लॅग्जचा होता, पार्कचा नव्हता. नव्या मालकाच्या हातात कोस्टर आली पण नाव आलं नाही. बॅटमॅनची होती ती 'डॉमिनेटर' झाली, सुपरमॅनची होती ती 'स्टील व्हेनम'. लोखंड तेच, रूळ तेच, फक्त पाट्या, रंग आणि चिन्हं गेली.

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे नाव खंडानं घेतलेलं रान. आणि खंडाच्या रानात विहीर कोण पाडतंय का?"

पाच आठवड्यांत ऐकलेलं सगळ्यात नेमकं वाक्य हेच. परवाना घेऊन झोन बांधणं म्हणजे खंडानं, ठरल्या मुदतीच्या भाड्यानं, घेतलेल्या दुसऱ्याच्या रानात आपल्या पैशानं विहीर पाडणं. पाणी लागेलही, पण मुदत संपल्यावर विहीर उचलून नेता येत नाही. ऑर्लँडोत ते जमलं, कारण तिथला खंड मुदतीचा नव्हता.

आपल्याकडचे दाखले

खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ साली सुरू झालं. तिथं 'मिस्टर इंडिया'ची राईड आहे, पुढं छोटा भीमचीही आली. म्हणजे हिंदी सिनेमातला अदृश्य होणारा नायक आणि टीव्हीवरचा ढोलकपूरचा पोरगा, दोघांचा उपयोग आपल्या राज्यातल्या सगळ्यात मोठ्या थीम पार्कनं केला. कर्जाचं ओझं मोठं होतं आणि २०२२ साली पार्क मालपाणी समूहाकडं गेलं. नायकांमुळं पार्क अडचणीत आलं असं कुणी म्हणू नये, पण नायक असले म्हणून कर्ज फिटत नाही, एवढं आबांच्या अहवालासाठी पुरेसं होतं.

याच्या उलट वंडरला ही पार्कांची साखळी. कोची, बंगळूर, हैदराबाद अशा शहरांत त्यांची पार्कं आहेत. त्यांचं नाव मुख्यतः राईड, स्वच्छता आणि पाण्याचे खेळ यांवर उभं आहे, आणि बऱ्याच राईड ते स्वतःच्याच कारखान्यात बनवतात. कोल्हापूरच्या माणसाला हे पटकन भिडतं. ज्या गावात उद्यमनगर आहे, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती आहेत, तिथं घसरगुंडीचा सांगाडा बनवायला कुणाच्या परवान्याची वाट बघावी लागत नाही.

आणि घराजवळचा दाखला कणेरीचा. सिद्धगिरी मठाच्या ग्रामजीवन संग्रहालयात सुतार, लोहार, कुंभार, नांगर धरलेला शेतकरी, पाणी शेंदणाऱ्या बायका असे माणसाएवढे पुतळे आहेत. सुपरहिरो एकही नाही. तरी शाळांच्या बसेस आधी तिथं जातात, मग आबांच्या बागेत येतात. त्या पुतळ्यांपुढं पोरं दोन मिनिटांहून जास्त थांबतात, कारण आजी सांगते, हे जातं असं फिरवायचे, ही मोट अशी चालायची. पुतळ्याला गोष्ट सांगणारं माणूस शेजारीच असतं.

कायदा आणि हिशेब

कायद्याचा भाग थोडक्यात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार कागदावरच्या चित्राचं त्रिमिती रूप करणं हेसुद्धा त्या चित्राची प्रत काढणंच आहे, आणि तो हक्क मालकाचा. म्हणजे मूर्तिकारानं मनानं बनवलेला स्पायडरमॅन ही सुटका होत नाही. नावं आणि चिन्हं ट्रेडमार्क कायद्याखाली येतात. थोडा फरक करून चालेल का, हे आबांच्या थोरल्या मुलानं विचारलं. जाळ्याऐवजी चौकडी, लालऐवजी भगवा? नव्वदच्या दशकात 'नागराज' या कॉमिक्स नायकाच्या प्रकाशकांनी नागशक्तीच असलेल्या 'नागेश'विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली होती आणि न्यायालयानं नागेशला मनाई केली. फरक करून नक्कल चालत नाही, हे आपल्याच मातीतल्या नायकावरून ठरलेलं आहे.

मग रीतसर परवाना घ्यायचा तर? टी-शर्टवर छापायचा परवाना आणि राईडवर लावायचा परवाना हे दोन वेगळे करार असतात. पार्कसाठीच्या करारात सहसा किमान हमीची रक्कम असते, म्हणजे धंदा होवो न होवो द्यावीच लागणारी; शिवाय विक्रीवर रॉयल्टी, म्हणजे मालकाचा ठरलेला वाटा, ठरलेली मुदत, ठरलेलं क्षेत्र. शिवाय नायकाचा रंग, चेहरा, उभं राहण्याची ढब, अगदी शेजारी कुठली पाटी लावायची यालाही मालकाची आगाऊ मंजुरी. आणि हिशेबाची वही तपासायचा त्यांना हक्क.

दर करारागणिक बदलतात, म्हणून समजायला सोपे जातील असे गोल आकडे धरून मी मांडणी केली. धरा, वर्षाची किमान हमी २० लाख रुपये, रॉयल्टी तिकिटाच्या ८ टक्के आणि ती हमीतून वळती होते. झोन बांधायच्या कर्जाचे वर्षाचे हप्ते १५ लाख. तिकीट ४०० रुपये. त्यातले ८० रुपये त्या माणसामागं वीज, पाणी, जादा कामगार यांत जातात आणि ३२० उरतात. तर ३५ लाख भरून काढायला जवळपास ११ हजार जादा माणसं लागतील. जादा म्हणजे नायक नसता तर जी आलीच नसती अशी. रॉयल्टी हमीच्या वर जायला ६२,५०० तिकिटं खपावी लागतील, तेव्हा ती चिंता दूरची.

आता याच जागी २०० रुपयांच्या सवलतीत येणारी सहलीची पोरं धरा. त्यांच्यामागं उरतात १२० रुपये. तेवढेच ३५ लाख फेडायला २९ हजारांवर पोरं लागतात.

खरी अडचण इथं होती. बागेचा हिवाळ्यातला धंदा सहलींचा, आणि सहल कुठं न्यायची हे पोरं ठरवत नाहीत, गुरुजी आणि बाई ठरवतात. ते काय बघतात? दर, जेवण, मुलींसाठी स्वच्छ स्वच्छतागृह, हौदाजवळ उभा राहणारा माणूस, आणि अंधार पडायच्या आत परत पोहोचणं. नायकाची किंमत ज्याच्यासाठी मोजायची, त्या पोराच्या हातात तिकिटाचा निर्णयच नाही. तो निर्णय फक्त रविवारच्या गाडीत होतो, आणि रविवारच्या गाड्यांवर ११ हजार जादा माणसं जमतील असं सूनबाईंची वही सांगत नव्हती.

परवाना घेऊ नये असा माझा सल्ला सरसकट नाही. एकाच मालकाच्या चार-पाच शहरांत बागा असत्या, क्षेत्र म्हणून सांगली-कोल्हापूर-बेळगाव पट्टा एकट्याला मिळाला असता आणि मुदत कर्जाच्या मुदतीहून लांब असती, तर मी अहवाल वेगळा लिहिला असता. या तिन्हींपैकी एकही गोष्ट आबांच्या हातात नव्हती.

काय ठरलं

अहवालातून 'सुपरहिरो झोन' काढला. कर्ज मोठ्या घसरगुंडीसाठी, पाणी शुद्ध करायच्या यंत्रणेसाठी आणि नव्या स्वच्छतागृहांसाठी मागितलं, आणि ते मंजूर झालं. मे महिन्यात चार दिवस टीव्हीवरच्या एका देशी पात्राचा भेटीगाठीचा कार्यक्रम, हक्कदारांच्या अधिकृत एजन्सीमार्फत, दिवसावारी पैसे मोजून. विहीर न पाडता चार दिवसांचं पाणी विकत घेतलं. दोन्ही पुतळे क्रेन लावून उतरवले. आबांच्या नातवानं त्या दिवशी जेवण केलं नाही, हेही या प्रकरणाच्या नोंदीत राहायला हवं.

दार रिकामं ठेवून चालणार नव्हतं, कारण गाडी थांबवणारी पहिली नोंद खरीच होती. तालमीतला पैलवान करावा असं पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटलं. सूनबाईंनी गवा सुचवला. राधानगरी-दाजीपूरचा गवा, गावाजवळ आल्याची बातमी आली की जिल्हाभर चर्चा होते तो. डोक्याला फेटा, पायांत कोल्हापुरी, आणि घसरगुंडीवर पोटावर झोपून खाली येणारा. माझी शंका मी बोलून दाखवली: गोष्टीवाचून पात्र म्हणजे नुसता पुतळा, आणि छोटा भीम २००८ पासून रोज घराघरांत दिसत आला म्हणून तो छोटा भीम आहे. सूनबाईंनी ती मान्य केली आणि बागेच्या शेडमध्ये भिंतभर चित्रगोष्ट काढायला घेतली. पोरं जेवताना वाचतील म्हणून. ती कितपत रुजेल हे एक-दोन हंगाम गेल्यावर कळेल.

मूर्तिकाराकडं मी स्वतः गेलो. या वेळी पावतीवर भागणार नव्हतं. ऑर्डर देऊन शिल्प करून घेतलं तरी लेखी करार नसेल, तर कायद्यानं हक्क शिल्पकाराकडंच राहतो. करार केला आणि मुदत लिहिली नाही, तर तो ५ वर्षांचाच धरला जातो. क्षेत्र लिहिलं नाही तर फक्त भारतापुरता. म्हणून दोन पानांत सगळं लिहिलं: हक्क बागेचा, पूर्ण मुदतीचा, सगळ्या ठिकाणांसाठी, पुतळा, चित्र, टोपी, वही सगळ्यावर, आणि त्यासाठी मूर्तीच्या मजुरीहून वेगळी रक्कम.

मूर्तिकारानं दोन्ही पानं शांतपणे वाचली. रकमेबद्दल काही बोलला नाही. एक गोष्ट विचारली.

"खाली पायाशी माझं नाव घातलं तर चालंल न्हवं? त्या लाल-निळ्याच्या खाली कधी घातलं न्हाई मी."

हक्क दुसऱ्याला दिला तरी कृती आपली आहे हे सांगायचा अधिकार कलाकाराकडं राहतो, कायद्याच्या ५७व्या कलमात तसं आहे, हे मी त्याला सांगितलं. तरीही करारात एक ओळ वाढवून घेतली, आणि सहलींचा हंगाम सुरू व्हायच्या आधी गवा दारात उभा राहिला, पायाशी त्याच्या नावासकट.